निर्गमाची वाट आतून कशी वाचावी : रामसेस ते गिलगाल

मिसर देशातून सुटून कनानकडे निघालेल्या इस्राएल लोकांची चाळीस वर्षांची वाट स्वतःच्या मनाचा नकाशा म्हणून वाचायची, असं ठरवून बसणारे बहुतेक जण दोन ठिकाणी अडतात. काही जण समुद्र ओलांडेपर्यंत उत्साहात असतात आणि निवासमंडपाच्या, म्हणजे रानातल्या उपासनेच्या तंबूच्या, फळ्या-पडद्यांची मापं सुरू झाली की पुस्तक मिटतात. दुसरे फारच चटपटीत असतात. मिसर म्हणजे पाप, रान म्हणजे संकट, कनान म्हणजे स्वर्ग, अशी लेबलं अर्ध्या तासात चिकटवून ते मोकळे होतात. हा लेख दोघांसाठी आहे.

अशी वाचनाची रीत जुनी आहे, आणि तिचा पाया मूळ मजकुरातच आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (८:२, म्हणजे आठवा अध्याय, दुसरं वचन) त्यांचा पुढारी मोशे लोकांना सांगतो की तुमच्या मनात काय आहे ते दिसावं म्हणून तुम्हाला रानातून नेलं. प्रेषित पौल ‘१ करिंथ’ या पत्राच्या दहाव्या अध्यायात समुद्र, मेघ आणि खडक यांचा असाच अर्थ लावतो. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती भाष्यकाराने ‘गणना’ या पुस्तकाच्या ३३ व्या अध्यायातल्या मुक्कामांच्या यादीवर एक अख्खं प्रवचन दिलं, तर चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने मोशेच्या आयुष्यावर असाच ग्रंथ लिहिला. यहुदी परंपरेत वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या सुटकेच्या सणाच्या, रात्री हग्गादा हे त्या सुटकेची गोष्ट सांगणारं पुस्तक वाचतात, तेव्हा प्रत्येक पिढीतल्या माणसाने आपण स्वतः मिसरातून बाहेर पडलो असं समजावं, असं त्यात सांगितलेलं असतं. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजासाठी ही हग्गादा मराठी भाषांतरासह १८७४ साली पुण्यात छापली गेली होती, म्हणजे हे वाक्य मराठी घरांत निदान दीडशे वर्षांपासून वाचलं जातंय.

काय लागेल

- पवित्र शास्त्राची एक प्रचलित मराठी प्रत, शक्यतो समासात संदर्भ दिलेली.
- दुसरं एखादं भाषांतर. पंडिता रमाबाईंनी थेट हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर मिळालं तर उत्तम. १९२२ मध्ये निधन होण्याआधी त्यांनी ते पूर्ण केलं होतं. भाषा आज अवघड वाटते, पण शब्द मुळाला धरून असल्यामुळे अडलेल्या जागी उपयोगी पडते.
- दोनशे पानी वही आणि पेन्सिल. पेनने लिहू नका, खोडाखोड भरपूर होणार आहे.
- सीनाय द्वीपकल्पाचा साधा नकाशा. त्यावर फार विसंबू नका, सीनाय पर्वत नेमका कोणता यावर अभ्यासकांचं एकमत नाही.
- सहा आठवडे. रोज पाऊण तास पुरतो.

वाचायचे अध्याय : निर्गम १ ते ६, १२ ते २०, २४, ३२ ते ३४, गणना ९ ते १४, २०, २१, ३३, अनुवाद १, ८, ३४, यहोशवा २ ते ५. एकूण ३५. आठवड्याला सहा धरले की सहा आठवड्यांत बसतात. ख्रिस्ती घरांत बरेच जण हे उपवासकाळात करतात, पण तशी अट नाही. गावांच्या नावांची अक्षरं भाषांतरागणिक बदलतात, म्हणून टिपणात नावापेक्षा अध्याय-वचन लिहा.

## १. पहिल्या वाचनात अर्थ लावू नका

पहिले दहा दिवस गोष्ट गोष्टीसारखी वाचा. कोण कुठून निघालं, काय खाल्लं, कोण काय बोललं, एवढंच. एकनाथांच्या भारुडातला विंचू म्हणजे कामक्रोध हे आपल्याला ठाऊक असतं, पण आधी तो खराखुरा विंचू म्हणून चावतो, अंगाची आग होते, म्हणून पुढचा अर्थ अंगाला लागतो. इथेही तहान आधी घशाची आहे. तीन दिवस पाणी नाही म्हणजे पोरंबाळं, गुरंढोरं यांचं काय झालं असेल, हे डोळ्यांसमोर न आणता थेट ‘आध्यात्मिक तहान’ लिहिलंत तर ते शब्द पोकळ वाजतात.

## २. वहीत चार रकाने आखा

ठिकाण. काय घडलं. लोक काय बोलले. काय खटकलं.

चौथा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. ‘काय आवडलं’ असा रकाना मुद्दामच ठेवलेला नाही. आवडलेल्या तपशिलातून माणूस आपल्या आधीच्याच मताला दुजोरा शोधतो, आणि खटकलेला तपशील त्याला अडवतो. आतला अर्थ लिहायचा तो उजवीकडच्या कोऱ्या पानावर, तोही दुसऱ्या दिवशी. त्याच बैठकीत लिहिलेले अर्थ सहसा पाठ केलेल्या प्रवचनांचे तुकडे निघतात.

## ३. आपला मिसर कोणता ते ठरवा

मराठी बायबलमधला ‘मिसर’ आणि हिब्रूतला ‘मिस्रायीम’ एकाच घरातले शब्द. यहुदी भाष्यकारांनी त्यावर एक कोटी केली: मिस्रायीम म्हणजे मेत्सारीम, अरुंद जागा. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, कोंडी. ही व्युत्पत्ती नाही, शब्दखेळ आहे, पण कामाचा आहे. मिसर म्हणजे वाईट सवयींची यादी असं समजून बसू नका. जिथे पोट भरतं आणि जीव गुदमरतो ती जागा शोधा.

निर्गम ५ नीट वाचा. मोशे मिसरचा राजा फारो याच्याकडे सुटकेची मागणी करतो आणि पहिला परिणाम काय होतो? विटांसाठी मिळणारा पेंढा बंद होतो. पेंढा स्वतः गोळा करा, विटांची संख्या मात्र तेवढीच. मुकादमांना मार बसतो आणि ते मोशेवरच उलटतात. पुढे ६:९ मध्ये आहे की मन खचल्यामुळे आणि कष्टामुळे लोकांनी मोशेचं ऐकलंच नाही. एखादी जुनी गाठ सोडवायला घेतली की आधी ती आवळते. हे ठाऊक नसलं तर माणूस पहिल्याच आठवड्यात ‘हे आपल्याला जमणारं नाही’ म्हणून परत विटा थापायला लागतो.

इथली हमखास चूक म्हणजे फारो म्हणून दुसऱ्या कुणाचं नाव लिहिणं. सासू, साहेब, भाऊ. वहीत तसं लिहिलं गेलं तर खोडू नका, पण उजव्या पानावर स्वतःतल्या फारोसाठी एक ओळ मोकळी ठेवा.

## ४. समुद्राकडे घाई करू नका

समुद्राआधी निर्गम १३:१७ हे वचन आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून ते सुटतं. पलिष्ट्यांच्या देशातून जवळची वाट होती. परमेश्वराने लोकांना तिकडून नेलं नाही, कारण लढाई दिसली तर ते माघारी मिसरात जातील. लांबची वाट शिक्षा म्हणून दिलेली नव्हती; चालणाऱ्यांची कुवत बघून ती ठरली.

समुद्र दुभंगण्याचं दृश्य सगळ्यांना पाठ असतं, म्हणून त्यावर फार पानं खर्च करू नका. एवढंच टिपा : १४:११ मध्ये लोक उपरोधाने विचारतात, मिसरात थडगी नव्हती म्हणून आम्हाला मरायला इथे आणलंस का? आणि पाणी दुभंगण्याआधी रात्रभर पूर्वेचा जोरदार वारा वाहत होता. चमत्कारालाही एक रात्र लागली.

## ५. मारा, एलीम आणि मान्ना इथे तळ द्या

हा सगळ्या वाटेतला कसदार भाग आहे. पूर्ण आठवडा द्या.

समुद्रापाशी गाणं झालं, मिर्यामने डफ वाजवला, आणि तीन दिवसांनी मारा. पाणी आहे, पण कडू. लोक कुरकुर करतात. मोशेला एक झाड दाखवलं जातं, तो ते पाण्यात टाकतो आणि पाणी गोड होतं. खटकण्यासारखी गोष्ट ही की नवा झरा फुटत नाही. तेच कडू पाणी पिण्याजोगं होतं. उजव्या पानावर ‘माझ्यातलं कोणतं कडू पाणी मी बदलून मागतोय’ असा प्रश्न लिहिला तरी पुरे, उत्तराची घाई नको.

लगेच एलीम. बारा झरे, सत्तर खजुरीची झाडं, आणि निर्गमात त्यावर एकच वचन. आरामाच्या जागेबद्दल सांगण्यासारखं फार नसतं.

मग मान्ना, रानात रोज सकाळी जमिनीवर सापडणारं अन्न. प्रत्येक माणशी एक ओमेर, म्हणजे एफाचा दहावा हिस्सा, आजच्या मापात साधारण दोन लिटर. नियम तीन : रोज सकाळी गोळा करायचं (ऊन चढलं की ते वितळतं), दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही, सहाव्या दिवशी दुप्पट. काहींनी ठेवून पाहिलं तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या दिवसाच्या विश्रांतीसाठी, ठेवलेलं मात्र सडलं नाही. आणि १६:३३ मध्ये तर एक ओमेर भांड्यात भरून पिढ्यान् पिढ्यांसाठी जपून ठेवायला सांगितलं आहे.

हे तिन्ही तपशील एकत्र ठेवून बघा. एकच पदार्थ, भीतीपोटी साठवला तर सडतो, विश्रांतीसाठी राखला तर टिकतो आणि आठवण म्हणून जपला तर पिढ्या ओलांडतो. प्रार्थनेत एकदा लाभलेला अनुभव आपण कशासाठी धरून बसलोय, हे तपासायला याहून नेमकी कसोटी बायबलमध्ये मला तरी दिसत नाही.

या टप्प्यावर गणना ११:५ उलगडा. लोकांना मिसरातल्या मासळीची, काकड्यांची, खरबुजांची, कांद्यांची आणि लसणाची आठवण येते. फुकट मिळायची म्हणे! पेंढ्याची, मुकादमाच्या फटक्यांची आठवण कुणीच काढत नाही. जुन्या कोंडीची स्मृती नेहमी जिभेवरून येते. तुमच्या कांदा-लसणाची यादी करा, खरोखरची, चार-पाच वस्तूंची.

## ६. सीनायला दगडी पाट्यांपेक्षा वासराकडे बघा

दहा आज्ञा तुम्हाला माहीत असतात. निर्गम ३२ मात्र शब्दागणिक वाचा. मोशे चाळीस दिवस वर डोंगरावर आहे, लोक कंटाळले आहेत, मोशेचा भाऊ अहरोन सोनं गोळा करतो. चौथं वचन स्पष्ट सांगतं की त्याने हत्याराने कोरून वासराची मूर्ती घडवली. आणि चोविसाव्या वचनात, जाब विचारल्यावर, तोच अहरोन म्हणतो : मी सोनं विस्तवात टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं.

ही दोन वचनं वहीत समोरासमोर लिहून काढा. आपल्या हाताने, कोरणी घेऊन, वेळ काढून घडवलेल्या गोष्टीबद्दल आपण ‘झालं बुवा असं’ म्हणतो, ती जागा या रेघेवर सापडते. निर्गमाच्या आतल्या वाचनातलं हे सगळ्यांत विनोदी आणि सगळ्यांत बोचरं पान आहे.

## ७. कादेशला हिशेब करा

अनुवाद १:२ सांगतं की होरेबपासून (हे सीनायचंच दुसरं नाव) कनानच्या वेशीवरच्या कादेश-बर्ण्यापर्यंत अकरा दिवसांची वाट. लगेच १:३ सुरू होतं चाळिसाव्या वर्षी. मधलं सगळं त्या दोन वचनांच्या फटीत गेलं.

काय बिघडलं ते गणना १३-१४ मध्ये आहे. बारा हेर चाळीस दिवस देश पाहून येतात. द्राक्षांचा घड इतका मोठा की दोघांनी काठीवर टांगून आणला. दहा जण म्हणतात, तिथे धिप्पाड लोक आहेत, आम्ही आमच्याच नजरेला टोळांसारखे दिसलो आणि त्यांनाही तसेच दिसलो. पहिला भाग त्यांना माहीत असणार. दुसरा कसा कळला? कुणी विचारलं होतं का त्या धिप्पाड लोकांना?

उत्तर यहोशवा २ मध्ये आहे, चाळीस वर्षांनंतर. कनानमधल्या यरीहो शहरातली राहाब सांगते की समुद्राची बातमी ऐकल्यापासून आमचंच काळीज पाण्यासारखं झालं होतं. म्हणजे टोळ ज्यांना भीत होते ते टोळांना भीत होते. हे दोन उतारे एका बैठकीत वाचा, वेगवेगळे वाचले की धक्का निघून जातो.

आणखी एक सापळा इथेच आहे. पुढे जायला नकार दिल्याबद्दल चाळीस वर्षं रानात राहायची शिक्षा ऐकल्यावर लोक दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणतात, चला, आता वर चढतो. मोशे नको म्हणतो, ते जातात आणि मार खाऊन येतात (१४:४० ते ४५). काल नाकारलेली हाक आज अपराधीपणाने ऐकायला गेलं की असं होतं. चुकल्याची हळहळ वाटली म्हणजे पाऊल टाकायची वेळ आलीच असं नसतं.

## ८. नुसती नावं असलेले मुक्काम गाळू नका

गणना ३३ मध्ये निघण्याचं ठिकाण आणि शेवटचा तळ धरून बेचाळीस नावं मोजतात. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात वंशावळ चौदा-चौदा-चौदा पिढ्यांची, म्हणजे बेचाळीसच. ओरिगेनने हा धागा जोडला. ते असो. महत्त्वाचं हे की १८ ते २९ या वचनांत सलग बारा नावं येतात, रिथमा, रिम्मोन-पेरेस, लिब्ना, रिस्सा वगैरे, आणि तिथे काय घडलं याबद्दल अक्षरही नाही. कूच केलं, तळ दिला. कूच केलं, तळ दिला.

अकराव्या शतकातला यहुदी भाष्यकार रशी याचा हिशेब मांडतो : चौदा मुक्काम पहिल्या वर्षात, आठ शेवटच्या वर्षात, उरले वीस; ते मधल्या अडतीस वर्षांत. म्हणजे लोक रात्रंदिवस भटकत नव्हते, बहुतेक काळ एकाच जागी बसून होते.

ओरिगेनने प्रत्येक नावाचा हिब्रू अर्थ काढून जिवाची एकेक पायरी बनवली. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. कित्येक नावांचे अर्थ पक्के नाहीत, आणि शब्दकोशातून अर्थ ओढून काढायची सवय लागली की मजकूर बाजूला राहतो. त्याऐवजी ती बारा वचनं मोठ्याने, सावकाश वाचा. दोन मिनिटं लागतात. उजवं पान कोरंच राहू द्या. गणना ९:२२ त्यासोबत वाचा : मेघ दोन दिवस थांबो, महिना थांबो की वर्ष, तो उठेपर्यंत लोक तळ हलवत नसत. इथेच वारीशी तुलना लंगडी पडते. वारीत मुक्काम, तिथी, रिंगण सगळं आधी ठरलेलं असतं आणि माणूस घरी परत येतो. इथे उद्या कूच आहे की नाही हे सकाळी वर बघून कळायचं, आणि परतीची वाट नव्हतीच.

## ९. दोन खडक शेजारी ठेवा

रफीदीमला (निर्गम १७) मोशेला सांगितलं : खडकावर काठी मार. त्याने मारली, पाणी आलं. जवळजवळ चाळीस वर्षांनी कादेशला (गणना २०) सांगितलं : खडकाशी बोल. त्याने चिडून दोनदा काठी मारली. पाणी तरीही आलं, भरपूर आलं. आणि तिथेच त्याला सांगण्यात आलं की तू या लोकांना त्या देशात नेणार नाहीस.

तेव्हा फळ मिळालं म्हणजे रीत बरोबर होती असा निष्कर्ष काढू नका. एकदा चाललेला उपाय हातात बसतो, आणि नवी सूचना कानावर पडून गेली तरी हात जुनंच करतो.

## १०. वही जपताना सांभाळायच्या गोष्टी

सगळ्यांत पहिली : स्वतःला मोशे समजू नका. मजकुरात कुरकुर करणाऱ्यांना भरपूर वाक्यं दिली आहेत, ती बहुधा आपल्यासाठी आहेत. दुसरी : आतला अर्थ सापडला म्हणून बाहेरचा पुसू नका. फारोची गुलामी खरी होती, आणि अमेरिकेतल्या गुलामांनी ही गोष्ट गाण्यांत गायली ती खऱ्या बेड्यांबद्दल. कुणी अन्याय सोसत असेल तर त्याला ‘तुझ्या आतला फारो शोध’ म्हणणं निर्दयपणा आहे. तिसरी : मिसरातल्या थोरल्या मुलांचे मृत्यू आणि कनानमधल्या लढाया वाचताना अंगावर काटा आला तर येऊ द्या. शत्रू म्हणजे आपले विकार, असा अर्थ ओरिगेनपासून लावला जातो; तो उपयोगी आहे, पण अस्वस्थपणा झाकायला वापरू नका. चौथ्या रकान्यात तसंच लिहून ठेवा.

चौथी जरा लांबून येते. गणना २१ मध्ये मोशे पितळी साप करतो, सर्पदंश झालेले त्याच्याकडे बघून वाचतात. कित्येक शतकांनंतर, २ राजे १८:४ मध्ये, हिज्कीया राजा तोच साप फोडून टाकतो, कारण लोक त्यापुढे धूप जाळू लागले होते. तुम्हाला सापडलेला एखादा सुंदर अर्थ दर भेटीत चारचौघांना ऐकवावासा वाटू लागला, की त्या पानाशी हिज्कीयाचं नाव लिहा.

## ११. यार्देन ओलांडल्यावर

समुद्रापाशी पाणी आधी दुभंगलं, मग लोक उतरले. यार्देनेला, तेही कापणीच्या दिवसांत नदी दुथडी भरलेली असताना, आज्ञांच्या पाट्यांचा कोश वाहणाऱ्या याजकांचे पाय पाण्यात बुडले तेव्हा पाणी थांबलं (यहोशवा ३:१५-१६). समुद्रासारखं पाणी आधी दुभंगेल म्हणून वाट बघत यार्देनेच्या काठावर उभे राहणारे पुष्कळ असतात, म्हणून हा क्रम वहीत ठळक करा. मोशे इथे नाही. तो एकशेवीस वर्षांचा होऊन नबो डोंगरावरून देश बघून मेला. नदीतून उचललेले बारा दगड गिलगालला रचतात. तुम्हीही वहीतून बारा ओळी निवडून शेवटच्या पानावर उतरवा, बाराच. निवडणं जड जाईल, दोन दिवस घ्या.

मग वल्हांडण होतो. दुसऱ्या दिवशी लोक त्या देशाचं धान्य खातात, बेखमीर भाकरी आणि भाजलेले दाणे, आपल्याकडच्या हुरड्यासारखे. त्याच्या पुढच्या सकाळी मान्ना पडत नाही (५:१२). चाळीस वर्षं रोज पडणारी गोष्ट थांबली आणि कुणी कुरकुर केल्याची नोंद नाही. त्या वचनाशी पोचलात की पेन्सिल खाली ठेवा आणि आठवडाभर वही उघडू नका.